सावकाश वाचा

९ फेब्रुवारी

प्रिय चिमट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला शेवटचं पत्र लिहिलं त्याला तीन वर्षं होत आली. त्या शिक्षिकेच्या प्रकरणानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रागाच्या भरात माणूस टोकाचं वागतो, पुढे राग निवळतो. रक्ताचं नातं असं तुटत नसतं.

लिहायला कारण म्हणजे आईची तब्येत. तिला आता जवळजवळ दिसत नाही. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करायची आहे, पण तू आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही असं तिने डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. मार्चच्या वीस तारखेपर्यंत पोचलास तर बरं होईल.

इथे तुझ्यावर कसलीही कारवाई नाही. मी परवाना कार्यालयात अजून त्याच टेबलावर बसते, तेव्हा हे खात्रीने सांगू शकते. संदेश कुलूपबंद करणारं तुझं ते सॉफ्टवेअर, त्याचा परवाना रीतसर बंद झाला आणि विषय संपला. येताना कामाचा संगणक आठवणीने आण, म्हणजे आईच्या उशाशी बसून तुला काम करता येईल, रजाही फार लागणार नाही.

तुझी आवडती खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच लाडकी
ताई


११ फेब्रुवारी

चिमट्या,

परवाचं पत्र मिळालं असेल तर फाड. मिळालं नसेल तर मिळेल तेव्हा फाड. अक्षर माझं आहे, मजकूर साहेबांचा.

‘आवडती खोली’ वाचून तुझ्या लक्षात आलंच असेल. आपल्या घरात खोल्या दोन आणि तू झोपायचास पलंगाखाली. तेवढं एक वाक्य मी मुद्दाम घातलं. साहेबांना ते फार आवडलं, म्हणाले, छान घरगुती वाटतं.

आईचे डोळे ठणठणीत आहेत. काल तिने चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. मी पत्रात काय लिहिलंय ते सांगितल्यावर म्हणाली, “माझं आजारपण काढायच्या आधी मला विचारायचं तरी. मी दुसरं काहीतरी निवडलं असतं.” मग दुपारभर माझ्याशी बोलली नाही. घरात न बोलणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे.

हे पत्र समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी घेऊन येईल. ती विमानात काम करते, तिकडे उतरल्यावर पेटीत टाकेल. इथल्या पेटीतून गेलेलं पत्र उघडलं जातं की नाही मला माहीत नाही, पण ज्या कार्यालयात मी बसते तिथे बसल्यावर माणूस असं धरूनच चालतो.

साहेबांनी पत्र सांगितलं तेव्हा ते माझ्या खुर्चीमागे उभे होते. खोकल्याची गोळी त्यांच्या दातांवर टकटक वाजत होती आणि प्रत्येक पूर्णविरामाला थांबत होती. मजकूर झाल्यावर त्यांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या जिभेने चिकटवलं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, ताट चाटावं तसं. मग ते ओलं पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, “घ्या, भावाला तुमचा निरोप.” मी त्या दिवशी चार वेळा हात धुतले. अजून बोटांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं.

त्यांना तू कशाला हवास ते सांगते. ज्या आश्रयगृहासाठी तू ते सॉफ्टवेअर केलं होतंस, तिथून पुन्हा कुलूपबंद संदेश जायला लागले आहेत. सध्या तिथे अकरा बायका लपून राहतात. त्यांची सोय बघणाऱ्या मोठ्या बाई कुणाकडेही परवाना मागत नाहीत, किल्ली जमा करत नाहीत. आमच्याकडे फक्त अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचा ढीग येऊन पडतो. साहेबांचं म्हणणं, हे कुलूप तुझ्या हातचं आहे. असेल किंवा नसेल, मला सांगू नकोस.

तू एकदा म्हणाला होतास की तुझ्या एकाच कुलपाला एका देशात किल्ली मागतात, दुसऱ्यात पासपोर्ट आणि तिसऱ्यात जबानी. तेव्हा मी हसले होते. आता ते तिन्ही देश तुझ्या एका तिकिटावर आहेत. तिथून निघताना ते सॉफ्टवेअर परवानगीशिवाय देशाबाहेर नेलंस म्हणून तुझ्यावर खटला होऊ शकतो. वाटेत विमान बदलशील त्या शहरात अधिकारी संगणक उघडायला सांगेल आणि गप्प राहणं हाच तिथे गुन्हा आहे. त्यातूनही इथे उतरलास, तर दारात आमची माणसं उभी असतील. किल्ली दे नाहीतर सात वर्षं आत जा. ती दिलीस तर अकरा बायकांचे पत्ते गेले.

येऊ नकोस.

ताई


१ मार्च

चिमट्या,

तुझं कार्ड आलं. पुलाचं चित्र छान आहे. मागे एकच ओळ: ‘ताई, त्या दिवशी खोलीत वाचत कोण होतं?’

तीन वर्षांनी भावाचं अक्षर बघितलं आणि मी आधी जाऊन भांडी घासली.

पडताळणीत किल्ली वाचतात एवढं वर्तमानपत्रात आलं होतं, पण ती कशी होते ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला मनाई आहे. आता सांगते.

कायदा म्हणतो, ज्याला संदेशांना कुलूप लावायचं असेल त्याने जादा किल्ली सरकारकडे जमा करावी. तुझी किल्ली म्हणजे एका कागदावर चार-चार अक्षरं-आकड्यांचे चोवीस गट. तो कागद लाखेने सील केलेल्या पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात. पण कागद पिवळा पडतो, शाई उडते, कसर लागते. म्हणून वर्षातून एकदा मार्चमध्ये प्रत्येक पाकीट उघडायचं आणि किल्ली मोठ्याने वाचायची. नोंदवाले काका ती नोंदवहीत उतरवून घेतात आणि गेल्या वर्षीच्या पानाशी ताडून बघतात. साक्षीदार ऐकतो, सही करतो. मग नवं पाकीट, नवी लाख, शिक्का.

लाखेच्या धुराने डोळे चुरचुरतात म्हणून दार-खिडक्या सताड उघड्या ठेवतात.

गुपित सांभाळायचं म्हणून ते वर्षातून एकदा उघड्या दाराशी बसून पाढ्यासारखं म्हणायचं. हे मी अकरा वर्षं केलं आणि मला त्यात कधीही काही चमत्कारिक वाटलं नाही. आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. दिवसाच्या शेवटी घसा बसायचा म्हणून आम्ही कोमट पाणी मागवायचो, एवढंच.

नियम बाकी कडक आहेत. नोंदवहीची पानं छापील आकड्यांची. जे वाचलं जाईल ते जसंच्या तसं उतरवायचं, पान काढायचं नाही, खोडायचं नाही. त्या दिवसाच्या पानांच्या कार्बन प्रती संध्याकाळी सीलबंद होऊन मुख्य कार्यालयात जातात, त्यात साहेबांनाही हात घालता येत नाही. आणि साक्षीदार बाहेरच्या विभागाचाच हवा, आमच्याआमच्यात संगनमत नको.

आमच्या मजल्यावर बाहेरचा विभाग एकच आहे. नक्कल विभाग. परवानाधारक संस्थांच्या प्रत्येक संदेशाची कुलूपबंद प्रत तिथे वर्षभर पडून असते.

तू किल्ली जमा करायला तयार नव्हतास तेव्हा मीच तुला समजावलं होतं. म्हटलं होतं, अरे, प्रती एका खोलीत, किल्ल्या दुसऱ्या खोलीत, मध्ये लांबलचक व्हरांडा, दोन्हींची कधी गाठच पडत नाही. आईची शप्पथसुद्धा घेतली होती. नियमाने त्या दोन खोल्या वेगळ्या ठेवल्या हे खरं होतं. वर्षातून एकदा नियमच त्यांना एका टेबलाशी बसवतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी साक्षीदार म्हणून नक्कल विभागातला तो आला होता. साहेब अजून त्याला सद्गृहस्थ म्हणतात. सगळ्यांना तसाच वाटायचा. मजल्यावरचे बिघडलेले स्टेपलर दुरुस्त करून द्यायचा, बायकांसाठी लिफ्टचं दार धरून उभा राहायचा. त्याची बायको शिक्षिका आहे, मार खाऊन खाऊन मुलीला घेऊन घरातून निघून गेली आहे, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

आश्रयगृहाचं पाकीट त्रेसष्टावं. किल्ली वाचली गेली, नोंद झाली, साक्षीदाराची सही झाली. माझ्या माहितीप्रमाणे सगळं नियमानुसार झालं.

पुढचं तू वर्तमानपत्रात वाचलंस. तो आपल्या खोलीत गेला, प्रती काढल्या, उघडल्या, एका संदेशात पत्ता सापडला. पाच आठवड्यांनी त्याने तिला जिन्यात गाठलं.

ताई


४ मार्च

चिमट्या,

परवाचं पत्र त्या मुलीच्या हातात दिलं आणि ती जिना उतरेपर्यंत त्यातलं एक वाक्य मला टोचायला लागलं. ‘किल्ली वाचली गेली’ असं मी लिहिलं. किल्ली आपली आपण वाचली जात नाही. कार्यालयात मी रोज अशी वाक्यं लिहिते. निर्णय घेतला जातो, अर्ज नाकारला जातो, फाइल गहाळ होते. कुणी काही करतच नाही, सगळं होतं. पण तुला लिहिताना हाताला तीच सवय लागावी याची मला शिसारी आली.

वाचत मी होते.

आता सगळंच सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

पाकीट उघडलं तेव्हा मला आनंद झाला होता. कागदावर तुझं अक्षर होतं. सातला मध्ये रेघ मारायची तुझी सवय. मी काकांना म्हटलं, हा माझ्या भावाचा, नीट उतरवा हं. आणि मी वाचायला लागले. पाचसहा गट झाले आणि साक्षीदार म्हणाला, “सावकाश वाचा मॅडम, धुराने लक्ष लागत नाही.” मी वर बघितलं. त्याच्या मांडीवर छोटी निळी वही होती आणि तो लिहीत होता. साक्षीदाराला लिहायचं काही काम नसतं. ते मला माहीत होतं. मला वाटलं, बिचारा मन लावून करतोय.

मी सावकाश वाचलं, चिमट्या. शेवटच्या सहा गटांशी मला खोकला आला, तर तो उठून पाण्याचा पेला घेऊन आला आणि म्हणाला, तेवढे सहा पुन्हा एकदा घ्या. मी पाणी पिऊन पुन्हा वाचले, गट संपला की थांबून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसे. झाल्यावर त्याने माझे आभार मानले.

मी त्या शिक्षिकेला एकदा इस्पितळात बघायला गेले होते. जबडा तारांनी बांधलेला होता. मी काय करते ते तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिने पाटीवर लिहिलं, ‘तुम्ही वाचता का?’ मी म्हटलं, मी कागद सांभाळते. तिने पाटी पुसली. बस, एवढंच बोलणं.

हेही पुरेसं नाही. चौकशी लागली तेव्हा साहेबांनी मला आणि काकांना आत बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं, चहा मागवला. चहावर साय धरेपर्यंत बोलत होते. म्हणाले, तो लिहीत होता असं सांगितलंत तर पुढचा प्रश्न येईल की सावकाश कोण वाचत होतं. मग बोटाने चहावरची साय काढून बशीच्या कडेला पुसली आणि छापील जबाब पुढे सरकवला: ‘पडताळणीच्या वेळी कुणीही काहीही टिपून घेतले नाही.’ आम्ही दोघांनी सह्या केल्या. माझी आधी.

त्या एका वाक्यावर तो सुटला. पत्ता त्याला कळला कसा हे सिद्ध होईना, मग तो जिन्यातला माणूस तोच होता हेही सिद्ध होईना. तिथे दिवा नव्हता. वर्षभराने त्याची बढती झाली. परवा पेढीवरच्या माणसासारखा हात जोडून हसला माझ्याकडे बघून. या चोवीस तारखेला न्यायालयात तारीख आहे. त्याला मुलगी हवी आहे. ती सात वर्षांची आहे. चौकशीतून निर्दोष सुटलेला, कायम नोकरीचा बाप आणि दुसऱ्या बाजूला पत्ता न सांगणारी आई. न्यायाधीश काय करतील ते तूच सांग.

तू लहानपणी दप्तराला कुलूप लावलं होतंस आणि जादा किल्ली माझ्याकडे दिली होतीस. म्हणालास, हरवली तर तुझ्याकडे असू दे. त्या दप्तरात काय होतं ते मी दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं. तीन चिंचोके आणि चिमटा. हेही तुला कधी सांगितलं नव्हतं.

तू न बोलून बरोबर केलंस.

ताई


१९ मार्च

चिमट्या,

काल यंदाची पडताळणी झाली.

आश्रयगृहाचा परवाना बंद होऊन तीन वर्षं झाली, ती किल्ली आता कशालाच लागत नाही, तरी पाकीट पाच वर्षं जपायचं आणि दर मार्चमध्ये वाचायचं असा नियम आहे. गेली दोन वर्षं मी तेही वाचलं. बंद घराची घंटा वाजवावी तसं.

काल साहेबांनी पहिलं पाकीट फोडून सुरुवात करून दिली आणि धुराला कंटाळून आपल्या खोलीत गेले. यंदाची साक्षीदार नक्कल विभागातलीच, पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर जाणारी. तिला मी खिडकीशी बसवलं. काका नेहमीच्या जागी. काकांचं तुला सांगायला हवं. तीस वर्षं ते ऐकून लिहितात आणि काय लिहिलं हे त्यांना कळत नाही. एकदा आम्ही गंमत म्हणून मध्ये घरच्या सामानाची यादी वाचू म्हणालो होतो, तर ते म्हणाले, वाचा की, मी तीसुद्धा उतरवीन, नियम आहे.

ते वाक्य पंधरा दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं.

बासष्टावं पाकीट झालं. त्रेसष्टाव्याचं सील मी फोडलं, तुझा कागद बाहेर काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. माझा कागद पदराआड होता. तो समोर धरला आणि त्याच आवाजात, त्याच ठेक्यात वाचायला लागले.

“त्रेसष्ट. आश्रयगृह. तीन वर्षांपूर्वीच्या पडताळणीत ही किल्ली मी मोठ्याने वाचली. साक्षीदार एका निळ्या वहीत ती लिहून घेत होता. मी ते पाहिले.”

काकांचं पेन चालत होतं. ‘मी ते पाहिले’ पर्यंत चाललं आणि थांबलं. लाखेचा एक थेंब टेबलावर पडला. खिडकीतल्या बाईने पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी वाचणं थांबवलं नाही, फक्त आवाज खाली आला, कारण पुढचं वाक्य होतं की नंतर आम्ही दोघांनी सह्या केलेला जबाब खोटा होता. दोघांनी म्हणजे मी आणि काका. त्यांना निवृत्तीला सात महिने राहिले आहेत. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं. आईला विचारलं नव्हतं तसंच.

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. उघड्या दारातून साहेबांच्या खोलीकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता उठतील.

त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, “सावकाश वाचा, बाई. शब्द सुटायला नको.”

मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. त्याने आणलेलं पाणी, दोनदा वाचलेले सहा गट, साहेबांची खोली, छापील वाक्य, कुणाची सही आधी. एकेक वाक्य झालं की थांबत होते. काका प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवत होते, जे ते एरवी कधीही करत नाहीत. पान भरलं. खाली त्यांनी सही केली, मी केली. खिडकीतल्या बाईला मी म्हटलं, तुमच्यावर जबरदस्ती नाही. ती म्हणाली, “मी ऐकलं ना? मग सही कुठे करू ते सांगा.” तिच्या सहीनंतर काकांनी शांतपणे विचारलं, “चौसष्ट?” आणि आम्ही उरलेली एकोणीस पाकिटं केली.

पाच वाजता साहेब आले. कार्बन प्रतींची चळत त्यांनी मोजली नाही, चाळली नाही. अक्षरांच्या गटांत त्यांना काय रस असणार. मोठं पाकीट हातात घेतलं आणि जिभेने चिकटवलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. वर शिक्का मारला. पिशवीवाला घेऊन गेला. मी नजर न वळवता सगळं बघितलं.

पान एकशे बेचाळीस. तो आकडा मी काल संध्याकाळी मोठ्या बाईंच्या हातात नेऊन दिला. त्यांच्या वकिलाला चोवीस तारखेला न्यायालयात एवढंच म्हणायचं आहे की ते पान मागवा. मोठ्या बाईंनी मला बसा म्हटलं नाही. दार लावायच्या आधी म्हणाल्या, उशीर केलात. मी म्हटलं, हो.

आता माझं काय ते होईल. पडताळणीच्या खोलीतलं बाहेर सांगणं हा गुन्हा आहे. खोटा जबाब देणं हाही गुन्हा आहे, आणि तो मी स्वतःच्या तोंडाने नोंदवला आहे. खणातून माझा पेला, कंगवा आणि जादा चप्पल घरी आणली. आज सकाळी कार्यालयात गेले तेव्हा अजून कुणाला काही कळलं नव्हतं. जाताना लिफ्टशी तो भेटला. नेहमीसारखं दार धरून उभा होता. मी जिन्याने गेले.

तू तिथेच राहा. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच येऊ नकोस, त्यांना तेच हवं आहे. यापुढे माझ्या अक्षरात कितीही मायेचं पत्र आलं तरी त्यात पलंगाखालचा उल्लेख नसेल तर ते माझं नाही असं समज.

आईला काल रात्री जेवताना सगळं सांगितलं. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, “एवढं सगळं वाचलंस, आवाज नीट लागला होता ना?”

लागला होता.

तू कार्डावर एका ओळीत विचारलंस. उत्तराला एक पूर्ण पान लागलं. ते तुला पाठवता येत नाही, पण ते आहे, आणि त्याच्याखाली माझी सही आहे.

ताई